धवलारणीच्या घड्याळाचं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी घड्याळ नाही. घड्याळाच्या पोटातलं नुसतं मशीन आहे. ना तबकडी, ना काटे, ना काच. दहिवलीतल्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला मी पडून असतो. माझी चाकं गंजली आहेत आणि त्यांच्या दात्यांत अजून पिवळी हळद अडकलेली आहे. घड्याळात हळद कशी गेली, ते तुम्हाला सांगायचं आहे. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र ते कधी जमलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड, डोंगराळ देशातल्या कारखान्यातला. मी अंगाने पातळ. माझ्या चाकांच्या टोकांखाली माणकाचे बारीक लाल खडे बसवलेले. चाल इतकी हलकी, की कान अगदी चिकटवला तरच ऐकू यावी. कारखान्यात याचं फार कौतुक झालं. चांगलं मशीन मालकाला त्रास देत नाही, असं तिथे म्हणत. मला सोन्याच्या घरात, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलं आणि मुंबईच्या एका शेठच्या मनगटावर मी या देशात आलो.

पुढे शेठची पडती वेळ आली. घड्याळ सोनाराकडे गेलं. सोनाराला हवं होतं सोनं. त्याने घर काढून घेतलं आणि मला बाजूला टाकलं. मग या हातातून त्या हातात असं करत मी खालापूरच्या बाजारात कोंडाजी घड्याळजीच्या खणात येऊन पडलो.

त्या खणात माझा एक शेजारी होता. कर्जतच्या घाटात गाड्या नेणाऱ्या एका गार्डच्या खिशातल्या घड्याळाचं ते मशीन. जाडजूड, ओबडधोबड, वर स्वतःचं पितळी झाकण घट्ट बसवलेलं. माणकाबिणकाचं नाव नाही. पण चावी दिली की असा ठोके देत चालायचा, की सगळा खण हादरायचा. कोंडाजीने त्याचं नाव ठोक्या ठेवलं होतं. शेजारी असा घोरत असल्यावर मला कसली झोप लागते! मी त्याच्यावर वैतागत असे आणि तो आपला चालत असे.

एके दिवशी दुकानात बुधाजी आला. दहिवलीचा भातशेती करणारा माणूस. भात झोडून कणगीत पडलं, की याला दुसरं काही सुचायचं नाही. गावातली बंद पडलेली घड्याळं आणायची, ओटीवर फडकं पसरायचं आणि डोळ्याला भिंग लावून बसायचं. लोक ओटीपुढून जाता जाता विचारायचे, "काय बुधाजी, यंदा खाचरात घड्याळं पेरलीस का रं?" तो मान वर न करता म्हणायचा, "पेरलीत ना. उगवली की तुला देतो एक." दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून त्याचं मन भरत नव्हतं. स्वतःच्या हाताने एक अख्खं घड्याळ बनवायचं, हा त्याचा नाद होता. त्या वर्षी त्या नादाला कारण मिळालं. ते कारण म्हणजे त्याची थोरली बहीण मोतीबाई.

मोतीबाई पळसदरीला दिलेली. ती धवलारीण होती. त्या काळी बुधाजीच्या लोकांत लग्न लावायचं ते धवलारणीने. भटजी पंचांग पाहून वेळ सांगायचे, पण मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे, सूर्याला, नदीला, गेलेल्या वाडवडिलांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं आणि मुहूर्ताची घटका पाळायची, हे सगळं तिचं काम. घटका पाळायला तिच्याकडे तांब्याची एक लहानशी वाटी होती, तिलाच ती घटिका म्हणायची. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाण्याच्या घंगाळात ती वाटी सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं, वाटी भरली की डुबुक् करून बुडायची, म्हणजे एक घटका झाली. मोतीबाई डोळे मिटून गायची. पाहायची तिला गरजच नव्हती. तो आवाज आला की तिला कळायचं. ही वाटी तिला सासूने दिली होती आणि सासूला तिच्या सासूने.

पण एका लग्नात कुणाचा तरी धक्का घंगाळाला लागला आणि वाटी वेळेआधी बुडाली. नवऱ्याकडच्या एका पाहुण्याने मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दाखवलं. "वाटीवर लग्नं लावायचे दिवस गेले, बाई," असं तो भर मांडवात म्हणाला. मोतीबाई शिमग्याला माहेरी आली तेव्हा तिने ही गोष्ट भावाला सांगितली आणि पदराने डोळे पुसले. "पुढच्या वर्षी मला कोन बोलवील रं?" एवढंच ती म्हणाली.

बुधाजीला राहवलं नाही. "बाय, तुला घड्याळ मी करतो," तो म्हणाला. "आनि ते तुज्या वाटीचंच करतो. काठाची कडी, बुडाचं मागचं झाकन. म्हंजे तुजी घटिका तुज्याच गळ्यात."

मोतीबाईने वाटी हातात घेतली. बराच वेळ तिचं बोट बुडाच्या भोकावर फिरत राहिलं. मग ती म्हणाली, "मंग घटिका गेली नाय म्हनायची. रूप पालटलं म्हनायचं. घे."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. घड्याळ करणाऱ्याने आधी ते कोण वापरणार, कुठे वापरणार, हे पाहायचं. मग मशीन निवडायचं आणि त्या मशीनच्या मापाने घर करायचं. बुधाजीने घर आधी ठरवलं. तांदळाची एक गोणी कोंडाजीच्या दुकानात टाकून त्याने ठोक्याला आणि मला, दोघांनाही घरी आणलं आणि फडक्यावर शेजारी शेजारी ठेवलं.

मोतीबाईने आधी मला कानाशी धरलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग ठोक्याला धरलं आणि तिचा चेहरा खुलला.

"ह्यो बोलतो रं! ह्योच घाल."

"अगं, त्यो वाटीत मावत नाय. केवडा जाड हाय बग. गळ्यात धोंडा बांधल्यावानी व्हईल."

"आनि ह्यो दुसरा? ह्यो तर मुका हाय."

बुधाजी हसला. "बाय, घड्याळाचं बोलनं ऐकत नाय कुनी. घड्याळाकडं बगायचं असतं. आनि ह्याच्यातलं मानीक बगितलंस का?"

त्याने मला उजेडात धरलं. माझे लाल खडे चमकले. खरं सांगतो, मित्रांनो, मला फार आनंद झाला. किती वर्षांनी कुणी मला असं डोळे भरून पाहत होतं. मोतीबाईने मान डोलावली. भाऊ एवढ्या हौसेने करतोय, त्याला कशाला मोडता घालायचा, असा तिचा स्वभाव. मी निवडला गेलो आणि ठोक्या बिस्किटांच्या डब्यात गेला.

आज वाटतं, तेव्हा तिचं ऐकलं असतं तर!

बुधाजीने घर मात्र मन लावून केलं. वाटीचा काठ कापून, ठोकून, कानशीने घासून गोल कडी केली. पत्र्याला पांढरा रंग देऊन तबकडी केली, वर काटे आणि काच बसवली. बुडाचं झाकण केलं आणि त्यातलं भोक कथील वितळवून, त्याचा डाग देऊन बुजवलं. वरून घासून इतकं गुळगुळीत केलं, की कुठे भोक होतं ते कळू नये. काळ्या गोफात ओवून ते घड्याळ त्याने बहिणीच्या गळ्यात घातलं, तेव्हा त्याची छाती फुगली होती. मोतीबाईला आकडे वाचता येत नव्हते. त्यावरही त्याने युक्ती काढली. लग्नाच्या दिवशी भटजींनी सांगितलेली वेळ जिथे येते, तिथे काचेवर कुंकवाचा एक ठिपका लावायचा. मोठा काटा ठिपक्याखाली आला की अक्षता.

"कुंकू लाव, हळदीचं बोट लाव," त्याने बजावलं. "पन पानी नको गं बाय. पान्यानं मरतं ते."

पुढची काही वर्षं आमची चांगली गेली. कर्जतच्या आसपास लग्न असलं की मोतीबाईला बोलावणं यायचं. खालापूरकडची माणसंही यायची. तिने गळ्यातून मला काढून ताम्हणातल्या तांदळावर ठेवलं, की बायका माना उंचावून बघायच्या. "ही घटिका. माज्या भावानं केली," असं ती प्रत्येकीला सांगायची. कुणी विचारो, न विचारो. मी एकदाही तिला खोटं पाडलं नाही. फक्त एक व्हायचं. गाता गाता तिला सारखे डोळे उघडावे लागायचे. पूर्वी ती डोळे मिटून, हरवून गायची. आता दोन ओळी झाल्या की काटा पाहायचा, पुन्हा दोन ओळी, पुन्हा काटा. हे बुधाजीच्या कधी लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी कुणाला सांगणार?

मग सोनूचं लग्न ठरलं. सोनू म्हणजे बुधाजीची मुलगी. एकुलती एक. मोतीबाईची लाडकी भाची. दहिवलीला दारात मांडव पडला. गोरज मुहूर्त होता. व्याही जरा ताठ होते. आमच्याकडे आता भटजीच लग्न लावतात, असं ते म्हणत होते. पण बुधाजीने ऐकलं नाही. "माज्या पोरीचं लगीन माजी बहीनच लावनार," तो म्हणाला.

मोतीबाई त्या दिवशी नव्या लुगड्यात आली. आत्याच ती. तिचा हात आखडतोय कशाला? भाचीच्या लग्नात काही उणं राहू नये, म्हणून तिने घटिकेची पूजा सासूने शिकवली तशी पुरती केली. ताम्हणात तांदूळ, त्यावर मी. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. क्षणभर थांबली. बुधाजी व्याह्यांच्या पुढे हात जोडून उभा होता, त्याचं इकडे लक्ष नव्हतं. मग तिने पळीभर पाणी माझ्यावर सोडलं. ज्या वाटीने जन्मभर पाणी पाहिलं, तिला पोरीच्या लग्नात कोरडं कसं ठेवायचं? तिचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

वर काच घट्ट होती. पाणी ओघळून खाली ताम्हणात साचलं, हळदीत कालवलं गेलं. आणि माझ्या पाठीला गार काहीतरी लागलं. झाकणातला कथलाचा डाग निसटला होता. इतक्या वर्षांचा घाम, गळ्यातली ऊब, तांदळावरची घासाघास. ज्या भोकातून आत यायची पाण्याला सवय होती, त्याच भोकातून ते हळूहळू आत आलं. येताना हळद घेऊन आलं. मी जोर लावला, मित्रांनो. खूप जोर लावला. पण चाकं चिकटली आणि मी थांबलो. मोठा काटा ठिपक्याच्या अलीकडे होता.

मी थांबलो ते कुणालाच कळलं नाही. मी चालत होतो तेव्हा तरी कुणाला ऐकू येत होतो? त्या जागी ठोक्या असता, तर त्याचा ठोका बंद पडताक्षणी मोतीबाईचं गाणं अडखळलं असतं. तिने लगेच भावाला हाक मारली असती. पण तिला मुकं मशीन दिलेलं. ती काटा पाही, अजून ठिपका लांब आहे असं म्हणे आणि पुढचा धवला धरी. त्या दिवशी तिचा आवाज फार लागला होता. भाचीसाठी तिने कुठल्या कुठल्या नदीला, डोंगराला बोलावलं. रानातली गुरं घरी आली, उजेड गेला, कंदील लागले. शेवटी नवऱ्याचा मामा उठला.

"अवं, चाललंय काय? येळ कवाच टळली!"

एकच गलका झाला. बुधाजी धावत आला. त्याने मला उचललं, हलवलं, कानाला लावलं. त्याच्या बोटांना ओलं लागलं. व्याह्यांच्या देखत त्याचा तोल गेला.

"पानी घालू नको म्हनून सांगितलं व्हतं ना तुला? घालवलीस ना अब्रू माजी? तुजी ती वाटी आनि तुजी ती पूजा!"

मोतीबाईने त्याच्या हातातून मला घेतलं. झाकणावरून एकदा बोट फिरवलं. मग मला त्याच्या हातात परत दिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "चुकलं रं माजं."

लग्न लागलं. व्याह्यांनी लगेच भटजीला बोलावून आणलं आणि अक्षता पडल्या. सोनू सुखात नांदली, तिला दृष्ट लागण्यासारखी मुलं झाली. मुहूर्त टळला म्हणून तिचं काहीही वाईट झालं नाही. मोतीबाई मात्र त्यानंतर कुठल्याच लग्नात गायली नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, घसा बसलाय.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरवत होते, तेव्हा बुधाजीने ओटीवर बसून मला उघडलं. तबकडी काढली, काटे काढले. मग मागचं झाकण उजेडाकडे धरलं आणि तसाच बसून राहिला. झाकणाच्या भोकातून आभाळाचा ठिपका दिसत होता. डाग त्याचा होता. तो कच्चा राहिला होता. नुसत्या वरून पडलेल्या पाण्याने मी मेलो नव्हतो. बुधाजीला सगळं कळलं. तो उठला, पायात वहाणा घातल्या, अंगणापर्यंत गेला. मला वाटलं, निघाला हा पळसदरीला. पण तो परत आला. मला आणि झाकणाला फडक्यात गुंडाळून त्याने ठोक्याच्या शेजारी डब्यात ठेवलं. उद्या जाऊ, असं पुटपुटला.

त्याचा तो उद्या आला नाही. लावणी आली, मग कापणी, मग पुन्हा लावणी. बहीणभावाचं येणंजाणं तुटलं नाही, पण ते कामापुरतं राहिलं. मोतीबाई यायची, ओटीवर बसायची, चहा घ्यायची, सोनूची खुशाली विचारायची. डबा फळीवरच असायचा. मी आतून ऐकत असे. दोघंही त्या लग्नाचं नाव काढत नसत. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मी मुका. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती तेच खरं.

काळ बदलला. पळसदरीचं धरण बघायला सुट्टीची माणसं येऊ लागली. मांडवात लाउडस्पीकरचे कर्णे वाजू लागले. सेलवर चालणारी घड्याळं आली, त्यांना चावीच लागत नाही. बुधाजी म्हातारा झाला. त्याचा हात कापू लागला. आणि एका सकाळी त्याने डबा काढला, पण हात घातला तो ठोक्याला.

या वेळी त्याने आधी ठोक्याचं माप घेतलं, मग घर केलं. पितळेच्या जुन्या डब्याचं, चांगलं जाड. कामाला त्याला फार वेळ लागला. चावी दिली तेव्हा ठोक्या जसा खालापूरच्या खणात चालायचा तसाच चालू लागला. मी त्याच्यावर पूर्वी किती वैतागायचो! त्या दिवशी तो आवाज ऐकून मला भरून आलं. बुधाजीने ठोक्याला एका खिशात घातलं, दुसऱ्या खिशात मला आणि त्या झाकणाला, आणि तो पळसदरीला निघाला.

मोतीबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. त्याने ठोक्याला तिच्या हातावर ठेवलं. तिने त्याला कानाशी धरलं.

"बोलतो रं ह्यो," ती म्हणाली. "मी तवाच म्हनलं व्हतं."

मग बुधाजीने मला बाहेर काढलं. झाकण तिच्यापुढे धरलं.

"बाय, तुज्या पूजेनं नाय झालं गं. माजा डाग सुटला व्हता. मी दुसऱ्याच दिवशी बगितलं. तुला सांगाया येनार व्हतो…"

मोतीबाईने झाकण हातात घेतलं आणि त्या भोकावर बोट ठेवलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"ठावं व्हतं?"

"सासूनं वाटी दिली तवापासनं त्या भोकावर माजं बोट हाय. मांडवातच हाताला लागलं ते."

"मंग तवाच का नाय बोललीस, बाय? सगळ्यांच्या म्होरं मी तुला…"

"पोरीचा बाप तू. व्याह्यांच्या म्होरं तुला खाली बगाया लावू व्हय?" तिने झाकण पदराने पुसलं. "मला वाटलं, घरी जाऊन तू उघडशील, बगशील आनि येशील. लई दिस वाट बगितली रं मी."

बुधाजी लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाय, एक धवला म्हन."

"कुनाच्या लग्नात?" तिने विचारलं. रागाने नाही, अगदी साधं विचारलं. "सूर गेला आता. नाय येत."

ठोक्याला तिने उशाशी ठेवून घेतलं. वाटीच्या बुडाचं ते झाकण माझ्याकडे होतं, तेही तिने मागून घेतलं. मी तसाच उघडा, बुधाजीच्या खिशातून डब्यात परत आलो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं चावीचं घड्याळ असेल, तर त्याला पाण्यापासून जपा, वेळेवर चावी द्या, अधूनमधून तेल घाला. कुणासाठी नवं करायला घेतलंत, तर मशीन त्याच्या कानाशी धरा, आणि त्याला काय हवंय ते विचारल्यावर त्याचं ऐका. आणि घड्याळ बंद पडून कुणाला बोल लावलात, आणि मग उघडल्यावर चूक तुमची निघाली, तर वहाणा घालून तसेच निघा. अंगणातून परत फिरू नका. दहिवलीहून पळसदरी कितीशी लांब आहे? सकाळी निघालेला माणूस चालत जाऊन जेवायला घरी येतो. आमचा बुधाजी तिथे पोचेपर्यंत मोतीबाईचा गळा गेला होता.